दोऱ्याला हात लावायचा नाही

शिवणकामाच्या दुकानात मांजर ठेवू नये, हे सांगायला काही शहाणा माणूस लागत नाही. काळ्या पँटवर पांढरे केस दिसले की गिऱ्हाईक आधी पँटकडे बघतं, मग शिंप्याकडे बघतं, आणि पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जातं. धाकट्या बाईंनी हे सासूबाईंना नाना परींनी सांगून पाहिलं होतं. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "केस ब्रशनं निघतात. माणसाच्या मनातली अढी निघत नाही." हे कुणाला उद्देशून आहे ते दोघींनाही कळायचं, आणि बोलणं तिथंच थांबायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला लावून दोन मशिनं, आणि मागचा पडदा सारला की स्वयंपाकघर. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पडदे शिवायचे, कोटाला नवं अस्तर लावायचं, असली कामं. दुकान मुळात सासूबाईंनी उभं केलेलं, म्हणून गल्लीत त्या मोठ्या बाई आणि सून धाकट्या बाई. धाकट्या बाईंचे केसही आता कानशिलावर पिकले होते, पण धाकटेपण काही सुटलं नव्हतं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. घरी असला की झोपलेला, नसला की फोनवर. तेव्हा घरात खऱ्या अर्थानं राहणारी माणसं दोन, आणि तिसरा तो बोका.

बोका सासूबाईंचा. चिंध्यांच्या टोपलीत कुणीतरी आणून टाकलेलं ओंजळभर पिल्लू त्यांनी थेंबाथेंबानं पाजून वाढवलं, आणि मशिनमधल्या खालच्या दोऱ्याच्या रिळासारखं अंगाचं गच्च वेटोळं करून झोपतो म्हणून नाव ठेवलं बॉबिन. मोठ्या बाई जन्मात कुणाशी गोड बोलल्या असतील तर ते याच्याशी. "दमलास का रे राजा?" असं त्या दिवसभर लोळून उठलेल्या बोक्याला विचारत, तेव्हा पलीकडच्या मशिनवर पाठ मोडेपर्यंत पडदे शिवणाऱ्या सुनेचा पाय पायट्यावर जरा जास्तच जोरात पडे. धाकट्या बाई बॉबिनचा रागराग करत, असं म्हणणं बरोबर होणार नाही. करत नव्हत्या, असं म्हणणंही खोटंच.

मग मोठ्या बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. परगावचा दुसरा लेक पंधरा दिवसांसाठी न्यायला आला, पिशवी भरली, टॅक्सी दाराशी उभी राहिली, तरी बाई उंबऱ्यातून हलेनात.

"बॉबिनला सांभाळ," त्या म्हणाल्या.

"सांभाळीन, आई."

"नुसतं सांभाळीन म्हणू नकोस. आत्ता आहे तसाच तो मला परत आल्यावर हवा. कमी नाही, जास्त नाही."

तुझ्या हातून याला काही झालं तर मी ते अपघात म्हणून धरणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. धाकट्या बाईंना तो सरळच लागला.

आणि म्हणतात ना, नको नको म्हणताना तेच पुढ्यात येतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या गिऱ्हाइकाला कोट दाखवायला दाराशी गेल्या, तेवढ्यात बॉबिननं टेबलावर उडी मारली आणि पुढचा पंजा ठेवला तो तापलेल्या इस्त्रीवर. किंकाळी ऐकून गिऱ्हाईक कोट टाकून पळालं. बोका कपाटाखाली. धाकट्या बाईंनी त्याला ओढून काढला तेव्हा पंजाची गुलाबी गादी पांढरी पडली होती, आणि त्यांच्या मनगटावर नखांच्या चार लाल रेघा उमटल्या होत्या.

त्यांनी आपल्या बुद्धीला सुचलं ते केलं. फरशी पुसायलाही चालतं आणि जखमेलाही चालतं ते झणझणीत वासाचं औषध होतं, ते पंजावर चोपडलं. वाटीभर दूध घेतलं. तापाची, अंगदुखीची जी गोळी त्या स्वतः घेत, तिची अर्धी कुटून त्यात ढवळली. माणसाला बरं वाटतं तर मांजराला का वाटू नये? वाटी बॉबिनच्या पुढ्यात ठेवणार, एवढ्यात कपाटावर चिकटवलेलं लशीचं कार्ड दिसलं, त्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर होता. दूध कोमट द्यावं की गार, एवढंच विचारायला त्यांनी फोन लावला.

बोलता बोलता गोळीचं आणि पायाला लावलेल्या औषधाचंही निघालं. मग डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, "त्यानं पिलंय का?"

"नाही अजून."

"वाटी उचला. आत्ता उचला. मोरीत ओता. त्या गोळीनं मांजर मरतं, बाई. तेवढ्या अर्ध्यानंसुद्धा. आणि पायाला लावलंय ते धुऊन काढा, चाटलं तर तेही विषच. पंजा नळाच्या गार पाण्याखाली धरा आणि घेऊन या."

दूध मोरीत ओतायच्या घाईत धाकट्या बाईंच्या हातून निम्मं ओट्यावर सांडलं आणि ते बॉबिननं चाटू नये म्हणून त्यांनी अंगावरच्या ओढणीनं ओटा पुसला. भाजलेलं पुढे आठवड्याभरात भरून आलं, त्याचं काही नाही. पण ती वाटी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. मायेनं दिलं होतं, असं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? सासूबाई म्हणाल्या असत्या, मारलंस. आणि मारलंच असतं की!

तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलं, तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. बोक्यासाठी औषधांचा डबा करायचा. बोक्याच्या प्रेमानं म्हणाल, तर तसं काही नव्हतं. उद्या काही झालंच, तर मी हात बांधून उभी नव्हते, एवढं म्हणता यावं, म्हणून.

डबा शोधायला लांब जावं लागलं नाही. बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा ज्या घरात आहे त्या घरात त्यात बिस्किटं सोडून सगळं असतं, आणि शिंप्याच्या घरात तर सुयाच. तो सासूबाईंचा डबा. डॉक्टरांनी त्यांना बरेच दिवस शिवणाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा आता त्यांना तो कशाला लागतोय, असा विचार करून धाकट्या बाईंनी सुया, अंगुस्तान, बटणं एका कापडी पिशवीत भरून वरच्या फळीवर टाकली आणि डबा गरम पाण्यानं घासून उन्हात ठेवला.

मग त्या औषधवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, "पेशंटचं वय काय?" त्या म्हणाल्या, "पाच. बोका आहे." त्यानं चष्म्यावरून पाहिलं, पण मुकाट्यानं सामान काढलं. डबा गच्च भरून, झाकण दाबून बसवून, त्या ऐटीत डॉक्टरीणबाईंना दाखवायला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला फटकळ. त्यांनी डबा टेबलावर उपडा केला आणि एकेक वस्तू बाजूला सारायला लागल्या.

"हे मलम माणसांचं. नको. दुखण्याच्या गोळ्या? परत? फेका. कापूस जखमेत चिकटतो, त्याऐवजी जाळीची पट्टी ठेवा. ही नेहमीची चिकटपट्टी केसांना लावलीत तर काढताना तो तुम्हाला फाडून खाईल. स्वतःलाच चिकटणारी पट्टी मिळते, ती घ्या."

"मग राहिलं काय?" धाकट्या बाईंनी पडेल आवाजात विचारलं.

राहिलं ते थोडकंच होतं. जखम धुवायला सलाईनची छोटी बाटली, बिनसुईची सिरिंज, बोथट टोकाची कात्री, थर्मामीटर, टॉर्च, एक जाड टॉवेल. झाकणाच्या आत दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात. आणि धाकट्या बाईंनी कोटाच्या कॉलरमध्ये घालतात त्या कडक बक्रमचा, कडेला मऊ पट्टी लावून शिवलेला गळ्याचा शंकू, बोक्याला तोंडाला पंजा लावता येऊ नये म्हणून. तो मात्र डॉक्टरीणबाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता परत डब्यात ठेवला. धाकट्या बाईंनी ती शाबासकी समजून घेतली.

"शिवणकाम करता ना तुम्ही?" जाताना डॉक्टरीणबाईंनी थांबवलं. "मग एक नीट ऐका. मांजराला दोऱ्याचं वेड असतं, आणि त्याची जीभ खरखरीत, दोरा एकदा जिभेवर आला की बाहेर टाकता येत नाही, आतच जातो. कधी तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कापायचाही नाही. त्याला हातच लावायचा नाही, तसंच उचलून इकडे आणायचं."

"नुसता दोरा असला तरी?"

"तुम्ही झालर कशी करता? कापडाला धावदोरा घालता आणि एक टोक ओढता. काय होतं?"

कापड गोळा होतं. चुण्या पडतात. धाकट्या बाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. कापडाच्या जागी त्यांनी बोक्याचं आतडं पाहिलं.

घरी येऊन त्या रोज बॉबिनला टॉवेलात गुंडाळायचा सराव करू लागल्या. आधी तो सटकायचा, मग चावायचा, मग चार-पाच दिवसांनी वैतागून पडून राहायला लागला. फोनवर नवरा हसला. "माझ्या ट्रकमध्ये एवढं सामान नाही, आणि मी डोंगर उतरतो."

मोठ्या बाई काळा चष्मा लावून घरी आल्या. बॉबिनला मांडीवर घेऊन चारी पाय, शेपूट, कान चाचपून पाहिलं. पंजाच्या गादीवरचा नवा कोवळा ठिपका त्यांच्या बोटाला लागला, पण त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या डबा पाहून.

"हा माझा डबा."

"तुम्हाला आत्ता शिवायचं नाहीये ना, म्हणून घेतला. सुया वर ठेवल्यात."

"मला विचारलंस?"

"आई, बॉबिनसाठीच केलाय."

"पाच वर्षं वाढला तो, डब्यावाचून वाढला." त्यांनी तोंड फिरवलं. "जेमतेम पंधरा दिवस घराबाहेर गेले तर वस्तू हलल्या."

धाकट्या बाईंनी मशीन सुरू केलं.

इथं त्या घरातले दोन नियम सांगायला हवेत. धाकट्या बाई लग्न होऊन आल्या त्या आठवड्यातच सासूबाईंनी ते त्यांना घालून दिले होते, आणि पुढे जी जी मुलगी काम शिकायला आली तिलाही. पहिला, सुई कधी दोऱ्याशिवाय ठेवायची नाही. नुसती सुई हरवते, कुणाच्या तरी पायात जाते. दोरा असला की शेपूट दिसतं, सापडते. दुसरा, कपड्याला लोंबता दोरा दिसला की सोडायचा नाही. दोन बोटांत धरायचा आणि खेचायचा. "लोंबता दोरा म्हणजे शिंप्याची अब्रू लोंबते," असं मोठ्या बाई म्हणत. इतक्या वर्षांत धाकट्या बाईंच्या बोटांना ते इतकं मुरलं होतं की बसमध्ये पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा दोराही त्या खेचत, आणि मग माफी मागत.

ती दुपार पडद्यांची होती. एका हॉटेलचे जाड, दुहेरी अस्तराचे पडदे संध्याकाळी द्यायचे होते, आणि मशीन घरघरत होतं. मोठ्या बाई आत आरामखुर्चीत पडून होत्या. मशीन थांबवून धाकट्या बाईंनी बॉबिन बदलायला घेतली, यंत्राची, तेव्हा टेबलाखालून आवाज आला. घशात काहीतरी अडकून माणूस ओकारी काढतो तसा. एकदा, मग थांबून पुन्हा.

त्या वाकल्या. बोका पडद्याच्या कापडावर बसला होता, मान पुढे ताणलेली, हनुवटी लाळेनं भिजलेली, आणि एका पंजानं तोंड घासत होता. जांभई द्यावी तसं तोंड उघडायचा आणि मिटताच येत नसल्यासारखं अर्धवट ठेवायचा. त्यांनी डबा ओढला, टॉर्च काढला. उजेडात तोंडाच्या कडेला काहीतरी चमकलं. निळा दोरा. वीतभर.

नंतर त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की आपण हात पुढे केला नाही. पण हात आधीच गेला होता. अंगठा आणि तर्जनीत दोरा धरलेला होता, ओला, आणि मनगट सवयीनं वळायच्या बेतात होतं. बोक्यानं "ङ्ग" असा एक बारीक आवाज काढला. धाकट्या बाईंनी चटका बसल्यासारखा दोरा सोडला. आपल्याच हाताची त्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती.

टॉवेल. आधी पाठीवरून, मग एक बाजू गळ्याशी, मग दुसरी. सरावाचा उपयोग झाला. तो तडफडला, पण निसटला नाही. त्या भुईवरच मांडी घालून बसल्या, गाठोडं मांडीत घेतलं आणि शंकूसाठी डब्यात हात घातला. तेवढ्यात पडदा सरला.

"काय करतेस त्याला?" मोठ्या बाई.

"दोरा गिळलाय. दवाखान्यात नेते."

मोठ्या बाई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसल्या. नव्यानं उजेड आलेल्या डोळ्याला ते निळं टोक स्पष्ट दिसलं. "हात्तिच्या. दोरा तर आहे. सरक, काढते."

"नको, आई. ओढायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय सांगतात! जीव घुसमटतोय त्याचा, आणि तू त्याला पोतं करून बसलीस! सर बाजूला."

"आई, हात लावू नका!"

पण त्यांच्या बोटांनाही तोच नियम मुरलेला होता, आणि वीस-पंचवीस वर्षं जास्त मुरलेला. धाकट्या बाईंचे दोन्ही हात गाठोड्यात गुंतलेले. मोठ्या बाईंनी दोरा धरला आणि निसटू नये म्हणून बोटाला एक वेढा दिला, मग दुसरा. शिंपी घट्ट दोरा तोडताना देतो तसा.

धाकट्या बाईंनी बोका कोपरानं छातीशी दाबला आणि मोकळ्या झालेल्या हातानं सासूचं मनगट पकडलं. पकडलं म्हणजे आवळलं. इतक्या वर्षांत त्यांनी सासूबाईंना उलट उत्तर दिलं नव्हतं असं नाही, पण अंगाला हात कधी लावला नव्हता, आणि असा तर नाहीच.

"सोड!" मोठ्या बाई ओरडल्या.

"नाही सोडणार! हलू नका!"

दोघींच्या मध्ये वीतभर दोरा. मोठ्या बाई हात सोडवायला मागे झाल्या तर दोरा ताणला जाणार. बोक्यानं मान हिसडली तर दोरा ताणला जाणार. तो थरथरत होता, डोळे मोठे झाले होते, आणि टॉवेलातून त्याच्या काळजाची धडधड धाकट्या बाईंच्या बरगडीला लागत होती. म्हातारीच्या मनगटात इतकं बळ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. काय सांगितलं तर ही बाई ऐकेल? झालरीचं सांगावं? आतड्याचं? डॉक्टरच्या नावाला तर तिच्या लेखी काडीची किंमत नव्हती. आणि तेव्हा त्यांना ते उमगलं.

"आई," त्या कशाबशा म्हणाल्या, "आपल्या घरात दोरा कधी एकटा असतो का?"

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बोटावरच्या निळ्या वेढ्याकडे. मग बोक्याच्या अर्धवट उघड्या तोंडाकडे, जे त्याला मिटता येत नव्हतं. मनगटातली ओढ गेली. चेहरा असा उतरला की धाकट्या बाईंना वाटलं, आता ह्यांनाच आडवं करावं लागतंय.

"बोट ढिलं करा," त्या म्हणाल्या. "हात तिथंच ठेवा. पुढं करा थोडा, त्याच्याकडं. अजून. आता मी वेढा काढते, तुम्ही काहीच करू नका."

एक वेढा सुटला. बोक्यानं पुन्हा ओकारी काढली आणि दोघींनीही श्वास धरला. दुसरा सुटला. दोरा सैल होऊन टॉवेलावर पडला. धाकट्या बाईंनी शंकू त्याच्या गळ्याभोवती बसवला, बंद लावला, आणि झाकणावरचा नंबर लावून फोन कानाशी धरला. पाणीही पाजू नका, लगेच या, असं उत्तर आलं.

टॅक्सीत मोठ्या बाई शेजारी बसल्या, घरातल्याच चपला, काळा चष्मा विसरलेला, ऑपरेशनचा डोळा उन्हानं वाहत होता. नेमका पुलावर रस्ता तुंबला. प्रत्येक ब्रेकला धाकट्या बाई पाय आवळून गाठोडं तोलून धरत होत्या. एकदा बोक्याचा आवाज अगदीच थांबला, तेव्हा त्यांनी वाकून शंकूत तोंड घातलं आणि त्याच्या नाकाशी गाल नेला. ऊब लागली. श्वास होता.

एक्स-रे काचेवर लावला तेव्हा तो वाचायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं. बोक्याच्या घशाच्या राखाडी सावलीत एक पांढरी, सरळ, बारीक रेघ. मागच्या बाजूला टोक रुतलेली.

"कुणी ओढला का दोरा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," धाकट्या बाई म्हणाल्या.

"नशीब. ओढला असता तर सुई आडवी होऊन आतलं फाडत गेली असती. इथंच मोठी शीर आहे." त्यांनी रेघेच्या शेजारी बोट टेकवलं. "अजूनही खात्री देत नाही. सूज किती आहे ते उघडल्यावर कळेल. बाहेर बसा."

बाहेर एक बाक होतं आणि भिंतीवर कुत्र्याच्या दातांचं चित्र. धाकट्या बाईंच्या अंगावर लाळ, केस, पडद्याचे धागे. हॉटेलवाल्याचा दोनदा फोन वाजला, त्यांनी उचलला नाही. निळा दोरा कुठला, ते आता त्यांना आठवायला लागलं. तो दुकानातल्या कामाचा नव्हताच. नवऱ्याच्या कामावरच्या निळ्या कोटाचं बटण तुटलं होतं, आणि काल तो कोट आरामखुर्चीवर दिसला होता, बटण लावलेला. आपणच कधीतरी लावलं असेल असं त्यांना वाटलं होतं. मोठ्या बाईंना शिवायची बंदी होती, म्हणून त्यांनी चोरून लावलं. सुई वरच्या फळीवरच्या पिशवीतून शोधून काढली. आणि काम झाल्यावर ती ठेवायची कुठं? रोजच्या जागी डबा असता तर डब्यात गेली असती. डबा धाकट्या बाईंनी नेला होता. म्हणून ती खुर्चीच्या कापडात टोचली, नियमाप्रमाणं, दोऱ्यासकट, बोक्याला खुणावणारी शेपटी लोंबत ठेवून.

म्हणजे दोष कुणाचा? त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांच्या ध्यानात आलं की गेला तासभर हा हिशेब त्यांच्या मनातही आला नव्हता. सासू काय म्हणेल, हे टॅक्सीत एकदाही आठवलं नव्हतं. त्यांना फक्त तो बोका हवा होता. पडद्यांवर लोळणारा, काळ्या पँटींची वाट लावणारा, तोच बोका त्यांना जिवंत हवा होता. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती. दोघी एकदम उठल्या.

"जगेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपलाय. एक-दोन दिवस इथंच ठेवते." आणि मग, इतका वेळ आवरून धरलेला राग त्यांनी मोकळा केला. वाटी पुढे केली. आत लांब, जाड सुई आणि तिच्यात ओवलेला निळा दोरा. "ही कुणाची?"

"माझी," धाकट्या बाई म्हणाल्या.

"तुमची! तुम्हाला तर मी समोर बसवून सांगितलं होतं! डबा भरून आणता, पट्ट्या आणता, आणि सुई अशी उघड्यावर टाकता? उपयोग काय त्या डब्याचा?"

धाकट्या बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. खोटं बोलल्यासारखं त्यांना वाटत नव्हतं, कारण ते पुरतं खोटं नव्हतंच. शेजारी मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नसतं तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं?

"तिची नाही ती," मोठ्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"हिच्या सुया बारीक. एवढं मोठं नेढं मला लागतं, आंधळीला." त्यांनी वाटीतली सुई बोटानं जराशी वळवली. "माझी आहे. मीच टोचून ठेवली. आणि दोराही मीच ओढत होते. ही ओरडत होती, मी ऐकत नव्हते. मी मारलं असतं त्याला, माझ्या हातानं."

डॉक्टरीणबाई वाटी घेऊन आत गेल्या. मोठ्या बाई हळूच बाकावर बसल्या आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बाही वर सारली. मनगटावर सुनेच्या बोटांचे वळ उठले होते, लालभडक, एकेक मोजता येईल असे. धाकट्या बाई ते बघून चरकल्या आणि खाली वाकल्या.

"फार दुखतोय का, आई?"

"दुखतोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुखू दे. ध्यानात राहील."